चित्राचे वाचन आणि चितारणाऱ्याचा शब्द



या पुस्तिकेच्या आधीच्या घटकांत आपण भाषिक चिन्हाचा विचार केला. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध निसर्गाने ठरवून दिलेला नसतो, तो समाजाच्या संकेताने ठरतो, हे फेर्दिनां द सोस्यूर यांचे प्रतिपादन आपण पाहिले. परीक्षेत हे विधान बहुतेक विद्यार्थी बिनचूक लिहितात. परंतु वर्गाबाहेर ते कोठे कामी येते, असे विचारले की वर्ग शांत होतो. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे आणि ते मी मनोरुग्णांच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या चित्रकसोट्यांच्या आधारे देणार आहे. हा विषय वैद्यकाचा आणि मी भाषेचा अध्यापक. तेव्हा निदान कसे करावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मात्र एखाद्या खुणेचा अर्थ कोणी लावला आणि कशाच्या आधारे लावला, हा प्रश्न विचारणे भाषाभ्यासकाचे काम आहे.

काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईत संपर्कसत्राच्या मधल्या सुट्टीत एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. वय पस्तिशीचे, दोन मुलांची आई, गाव डोंगरपट्ट्यातले. तिच्या हातात धाकट्या भावाच्या मानसशास्त्रीय तपासणीचा, दूरच्या शहरातून आणलेला इंग्रजी अहवाल होता. ऊसतोडीच्या हंगामाहून परतल्यापासून भावाला नसलेले आवाज ऐकू येत होते आणि शेजारी आपल्या जेवणात काही कालवतात असा त्याचा पक्का ग्रह झाला होता. औषधे सुरू झाल्यावर त्याची झोप सुधारली होती, तो चार घास खाऊ लागला होता. उपचारांबद्दल तिची तक्रार नव्हती. ती अडली होती अहवालातल्या एका वाक्यापाशी. रुग्णाने काढलेल्या माणसाला हात नाहीत आणि हे अपराधभावाचे लक्षण आहे, असे त्यात लिहिले होते. कोणीतरी ते वाक्य घरी मराठीत करून सांगितले होते. तेव्हापासून घरातली माणसे एकमेकांना विचारू लागली होती, याने असा कोणता अपराध केला? वडील दोन वर्षांपूर्वी पाय घसरून विहिरीत पडून वारले होते. त्या मृत्यूकडे आता सारे वेगळ्या नजरेने पाहू लागले होते.

मी तिला एवढेच सुचवले, की चित्राबद्दल भावालाच विचारून पाहा. पुढच्या सत्राला ती त्याचे उत्तर घेऊन आली. भाऊ म्हणाला होता, "हात हायेत की. घोंगडीत हायेत. थंडीचं राखणीला बसलाय त्यो."

भाऊ आजारी होता, हे खरे. त्याला औषधांची गरज होती, हेही खरे. पण त्याच्या चित्रातील माणसाचे हात घोंगडीत होते आणि ते कोठे आहेत हे त्याला कोणी विचारले नव्हते. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते सारे या प्रसंगात आले आहे. पुढे केवळ त्याची कारणमीमांसा आहे.

प्रथम या कसोट्यांचा थोडा इतिहास पाहू. माणसाचे चित्र काढायला सांगून मोजमाप करण्याची पद्धत फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२६ मध्ये मांडली. ती लहान मुलांसाठी होती आणि तिचा दावा मर्यादित होता. मूल वाढते तसे त्याच्या चित्रातील तपशील वाढतात. ते तपशील मोजले तर त्याच्या बौद्धिक वाढीचा अंदाज येतो, एवढेच त्या म्हणत होत्या. आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्यात काम करून ही कसोटी भारतीय मुलांसाठी प्रमाणित केली. परदेशी मुलांचे मोजमाप येथील मुलांना जसेच्या तसे लागू पडणार नाही, ही जाण त्या कामामागे होती.

पुढे या साधनाचा हेतू बदलला. जॉन बक यांनी १९४८ मध्ये घर, झाड आणि माणूस अशी तीन चित्रे काढून घेणारी कसोटी मांडली. कॅरन मॅकोव्हर यांनी १९४९ मध्ये मानवाकृतीच्या चित्रावरून व्यक्तिमत्त्व कसे ओळखावे यावर पुस्तक लिहिले. आता तपशील मोजणे मागे पडले आणि त्यांचा अर्थ लावणे सुरू झाले. माणूस आपल्या मनातील गोष्टी नकळत चित्रावर टाकतो, अशी त्यामागील धारणा होती. म्हणून अशा कसोट्यांना प्रक्षेपण कसोट्या म्हणतात. मोठे किंवा ठळक डोळे म्हणजे संशयी वृत्ती, लपलेले हात म्हणजे अपराधभाव, मोठे डोके म्हणजे बुद्धीविषयीची चिंता, अशी अर्थांची यादी त्यातून रूढ झाली. ही यादी म्हणजे एक शब्दकोशच होय. डावीकडे खूण, उजवीकडे अर्थ.

कोणताही शब्दकोश हाती आला, की भाषेच्या विद्यार्थ्याने विचारावे: या नोंदी कोठून आल्या? धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे न्यायदर्शनातील प्रसिद्ध उदाहरण आपणांस ठाऊक आहे. ते अनुमान टिकते, कारण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य, अनुभवाने सिद्ध झालेले असते. चित्रातील मोठे डोळे आणि मनातील संशय यांच्यात अशी व्याप्ती आहे काय?

लॉरेन चॅपमन आणि जीन चॅपमन या दांपत्याने १९६७ मध्ये याची मोठी मार्मिक तपासणी केली. त्यांनी मानवाकृतीची ४५ चित्रे घेतली. त्यांतील बहुतेक सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या तीव्र मनोविकाराच्या, रुग्णांनी काढलेली होती. प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्या माणसाबद्दलची विधाने लिहिली: हा संशयी आहे, याला आपल्या बुद्धीची चिंता वाटते, याला आपल्या पुरुषत्वाची चिंता वाटते, इत्यादी. मेख अशी होती, की चित्रे आणि विधाने यांच्या जोड्या लावताना त्यांत काहीही संबंध राहणार नाही याची काळजी घेतली होती. मानसशास्त्राचे विशेष शिक्षण नसलेल्या विद्यार्थ्यांना त्या दाखवल्या आणि कोणत्या वृत्तीचे लोक कसे चित्र काढतात असे विचारले. जोड्यांत नसलेला संबंध विद्यार्थ्यांना स्वच्छ 'दिसला'. संशयी लोक डोळे वेगळे काढतात, बुद्धीची चिंता असलेले डोके मोठे काढतात, असे त्यांनी सांगितले. अनुभवी चिकित्सकांना चॅपमन यांनी स्वतंत्रपणे विचारले होते. त्यांची उत्तरे याच धर्तीची होती.

याचे कारण काय? चॅपमन यांचे उत्तर भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावे असे आहे. लोकांना जे संबंध दिसले, ते शब्दांच्या परस्परसाहचर्याशी जुळणारे होते. 'डोळा' हा शब्द उच्चारला की 'संशय' जवळ येतो, 'डोके' म्हटले की 'बुद्धी' जवळ येते. संबंध चित्रात नव्हता. तो वाचणाऱ्याच्या भाषेत होता.

हेच मराठीत करून पाहा. आपण एखाद्यावर नजर ठेवतो, कोणाच्या तरी डोळ्यांत सलतो, डोळ्यांत तेल घालून पहारा करतो. डोके चालवतो, डोके लढवतो. आणि हात? आपण हात झटकतो, हात वर करतो, हात आखडता घेतो. एखाद्या दुष्कृत्याबद्दल 'यात त्याचा हात आहे' असे म्हणतो. त्या डोंगरपट्ट्यातल्या घरात अहवालातले वाक्य पोचले, तेव्हा नेमके हेच घडले असणार. चित्रात न दिसलेल्या हातांचा अर्थ वाक्प्रचाराने पुरवला. मनाच्या तळाशी जाण्याची किल्ली म्हणून जी यादी आपल्यापुढे ठेवली जाते, तिचा मोठा भाग भाषेतील वाक्प्रचारांचा संग्रह आहे, असे माझे मत आहे. वाक्प्रचार हे समाजाचे शहाणपण असेल, पण ते एका माणसाविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा संकेतांचा आहे. चित्र ही भाषेपलीकडची, सर्वांना सारखी असणारी गोष्ट आहे, म्हणून अशिक्षितालाही ही कसोटी देता येते, असा समज आढळतो. आपल्या महाराष्ट्रातील दोन परंपरा शेजारी ठेवल्या, तर हा समज टिकत नाही. पालघर भागातील वारली चित्रांत माणूस म्हणजे टोकाशी जोडलेले दोन त्रिकोण आणि वर गोल डोके. पारंपरिक रीतीत त्याला डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाच्या चित्रकथीत मात्र पात्रांचे डोळे मोठे, ठसठशीत असतात. मॅकोव्हर यांच्या धर्तीच्या कोशाने वाचायचे, तर पहिली परंपरा माणसांपासून दूर पळणाऱ्यांची आणि दुसरी संशयग्रस्तांची ठरेल! प्रत्यक्षात पहिलीसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये आणि दुसरीसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. शेंदूर लावलेल्या देवाला चांदीचे मोठे डोळे बसवणाऱ्या मुलखात एखाद्याने माणसाचे डोळे मोठे काढले, तर त्याने काय पाहून ते काढले हे आधी विचारावे लागेल.

ज्यांच्या मागे अशी कोणतीही चित्रपरंपरा नाही, त्यांचे काय? आपल्या भागातील साठीची बाई दारात बोटांच्या चिमटीने रांगोळीची सरळ रेघ ओढते, गोधडीचा टाका समान अंतरावर घालते. पण तिच्या हाती पेन्सिल आणि कोरा कागद दिला, तर रेघ थरथरते, आकृती कागदाच्या कोपऱ्यात लहानशी उमटते. त्या रेघेत पेन्सिलीशी असलेले परकेपण असते, मोतीबिंदू असतो, समोर बसलेल्या शिकलेल्या माणसाचे दडपण असते. सायकोसिसच्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. या आजारावरील काही औषधांमुळे हात कापतो, स्नायू ताठरतात, अक्षर आणि आकृती लहान होत जाते. अशा लहान आकृतीला 'स्वतःविषयी हीनभाव' असे नाव दिले, तर आपण औषधाचा परिणाम रुग्णाच्या स्वभावाच्या नावावर मांडला, असे होते.

संशोधकांनीही हे वारंवार दाखवून दिले आहे. क्लिफर्ड स्वेन्सन यांनी १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सुट्या खुणांच्या अर्थांना फारसा आधार मिळाला नाही. चित्राचा एकूण दर्जा हीच त्यातल्या त्यात भरवशाची गोष्ट ठरली, आणि तो दर्जा चित्र काढण्याच्या कौशल्याशी बांधलेला असतो. २००० मध्ये स्कॉट लिलियेनफेल्ड, जेम्स वुड आणि हॉवर्ड गार्ब यांनी प्रक्षेपण कसोट्यांची विस्तृत छाननी केली. तिचाही निष्कर्ष असाच होता.

चुकीच्या वाचनाची परिसीमा कोठवर जाऊ शकते, हे विसाव्या शतकाने पाहिले आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हान्स प्रिन्झहोर्न या कलेतिहास शिकलेल्या डॉक्टरने मनोरुग्णालयांतील चित्रे जमवली आणि १९२२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. चित्रावरून चित्रकाराला वेडा ठरवता येणार नाही, असे त्याने बजावले होते. पुढे नाझी राजवटीने 'अवनत कला' म्हणून आधुनिक चित्रकारांची बदनामी करण्यासाठी भरवलेल्या प्रदर्शनात याच संग्रहातील चित्रे शेजारी मांडली: पाहा, हेही तसेच काढतात! त्या संग्रहातील प्रतिभावान चित्रकार फ्रान्झ कार्ल ब्यूलर याला १९४० मध्ये मनोरुग्णांच्या सामूहिक हत्येच्या मोहिमेत ठार मारण्यात आले. आपल्याकडील चिकित्सकांची त्या क्रूरतेशी तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. रुग्णाचे चित्र बोलते ठेवून रुग्णाला गप्प करणे किती सोपे असते, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

आता दुसरी बाजू. चित्रकसोट्या सरसकट टाकून द्याव्यात, असे माझे म्हणणे नाही. घड्याळाची तबकडी काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवण्यास सांगणारी कसोटी स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीत उपयोगी पडते. लॉरेटा बेंडर यांच्या १९३८ च्या कसोटीत दिलेल्या आकृत्या पाहून उतरवायच्या असतात. तिचा मूळ रोख डोळा आणि हात यांच्या मेळावर होता. येथे गूढ अर्थ काढायचा नसतो. जमते की जमत नाही हे पाहायचे असते. अर्थात घड्याळ वाचण्याचा सराव नसलेल्या माणसाबाबत तेथेही सावध राहावे लागते. शिवाय, जो रुग्ण प्रश्नांना उत्तर देत नाही, तो कधीकधी कागदावर काहीतरी काढतो. दाराबाहेर रांग लागलेली असताना डॉक्टरांना तो कागद मोठा आधार वाटला, तर त्यात नवल नाही. मीही तो आधार मान्य करतो. माझी अट एवढीच, की चित्र काढून झाल्यावर बोलणे सुरू व्हावे, संपू नये. बक यांच्या मूळ पद्धतीतही चित्र काढून झाल्यावर रुग्णाला विचारायच्या प्रश्नांची योजना होती. घाईच्या कामात प्रश्न गळतात आणि शब्दकोश तेवढा उरतो.

सायकोसिसचे निदान मुळात अशा कोशावर अवलंबून नाही. भास होतात काय, भ्रम आहेत काय, विचारांची संगती सुटते काय, हे किती काळ चालू आहे, झोप, जेवण, कामधाम यांत काय बदल झाला, हे रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून ठरवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात, स्किझोफ्रेनियाच्या निदानासाठी अमुक चित्र अमुक तऱ्हेचे असले पाहिजे, अशी अट नाही. आपला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला; मनोविकाराचे निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनुसारच व्हावे, असे तो सांगतो. आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा त्याने रुग्णाचा हक्क मानला आहे. रुग्णाला निर्णय घेता यावा म्हणून माहिती देताना सोपी भाषा, खाणाखुणांची भाषा किंवा दृश्य साधने वापरावीत, असेही त्यात म्हटले आहे. चित्राला कायद्याने दिलेले हे काम मला फार योग्य वाटते: रुग्णाला समजावे म्हणून चित्र.

अंबाजोगाईत राहणाऱ्याला हे समजायला लांब जावे लागत नाही. दासोपंतांची पासोडी याच गावची. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या कापडावर पंचीकरणाचा वेदान्तविषय अक्षरे आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडलेला आहे. त्यातील आकृत्यांना त्यांच्या अक्षरांपासून तोडले, तर त्या आपल्याला काय सांगतील? पिंगुळीचा चित्रकथीकारही एकेक चित्र पुढे धरतो आणि कथा तोंडाने सांगतो. आपल्या परंपरेने चित्र आणि शब्द यांची फारकत केली नाही. चित्रकसोटीच्या अहवालात ती फारकत होते आणि शब्द एकट्या तपासणाऱ्याकडे राहतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या अहवालात रुग्णाच्या चित्राचा अर्थ लिहिला जातो, त्यात त्या चित्राबद्दल रुग्ण स्वतः काय म्हणाला हेही लिहिलेले असावे. त्याच्याच बोलीत, सुधारणा न करता. तो काही बोलला नसेल, तर 'काही बोलला नाही' असे लिहावे. बोलणे असंबद्ध असेल, तर तेही जसेच्या तसे लिहावे. असंबद्ध बोलणे हीदेखील वैद्यकाला उपयोगी माहिती असते. आणि जे अनुमान आहे, त्याला अनुमान म्हणावे. 'अपराधभावाचे लक्षण आहे' आणि 'अपराधभाव असू शकेल, विचारून पाहावे' या दोन वाक्यांत व्याकरणाच्या दृष्टीने केवळ क्रियापदाच्या अर्थाचा फरक आहे. त्या घरात त्या फरकाची किंमत एका मुलाने मोजली.

त्या विद्यार्थिनीने पुढे काय केले, ते सांगून थांबतो. तिने भावाचे वाक्य वहीच्या कागदावर जसेच्या तसे लिहिले, त्याच्याकडून खाली सही घेतली आणि तो कागद औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर फाइलीत लावला. आईला तो वाचून दाखवला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती घोंगडी त्याच्या बापाची."

स्वाध्याय

१. 'डोळा', 'हात' आणि 'डोके' या शब्दांवरून आपल्या बोलीत रूढ असलेले प्रत्येकी पाच वाक्प्रचार लिहा. त्यांतील कोणते वाक्प्रचार माणसाच्या स्वभावाविषयी काही गृहीत धरतात?

२. घरातील लिहिता-वाचता न येणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला, तिची इच्छा असल्यास, माणसाचे चित्र काढण्याची विनंती करा. प्रथम चित्राचा अर्थ आपण लिहा, नंतर त्या व्यक्तीला विचारून तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहा. दोहोंतील अंतराची चर्चा करा.